‘तू तयार आहेस’ असं कोण म्हणालं?

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची आहे. चार वर्षं वेट ट्रेनिंग करतेय. वजन ५८ किलो, फॅट साधारण २० टक्के. पहिली दोन वर्षं मजेत गेली, दर महिन्याला बारवर काही ना काही चढायचंच. गेलं वर्षभर मात्र डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणं) ९५ किलोवर अडकलीय आणि आरशातही काही बदलत नाहीये. आठवड्यातले पाच दिवस वजनं, शिवाय रोज सकाळी उपाशीपोटी पाऊण तास कार्डिओ. खाणं मोजून १३०० कॅलरी, एक दिवस चुकत नाही. पुढच्या वर्षी फिटनेस स्पर्धेच्या स्टेजवर उतरायचंय. माझे ट्रेनर म्हणतात, ‘नॅचरल जेवढं व्हायचं होतं तेवढं झालं, आता तू तयार आहेस.’ त्यांनी ऑक्सँड्रोलोन या स्टेरॉइडची छोटी सायकल, म्हणजे काही आठवड्यांचा कोर्स, सुचवलीय. बायकांसाठी ती सगळ्यात सौम्य गोळी आहे म्हणे. सोबत चरबी उतरवायला क्लेन. मी पुष्कळ वाचलंय. लिव्हर, लिपिड, थायरॉइड सगळं तपासून घेतलं, रिपोर्ट नॉर्मल आहेत. मूल इतक्यात नकोय. पाळी तशीही पाच महिने आलेली नाही, त्यामुळे तीही कटकट नाही. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कृपा करून उपदेश करू नका. मी तयार आहे की नाही हे कसं ओळखायचं, तेवढंच सांगा.

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना दोन वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघ मारली. ती कुठली ते पुढे येईलच.

उपदेश करायला मी लायकही नाही. मी स्वतः २९व्या वर्षी ही गोळी घेतलेली आहे. मलाही ‘आता तू तयार आहेस’ असंच सांगितलं गेलं होतं आणि ते ऐकून पदवी हातात पडल्यासारखी मी दोन दिवस तरंगत होते. पहिल्या महिन्यात बार खरंच वर गेला. ते खोटं सांगणार नाही. औषध काम करत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ते कधी घेतलेलं नाही.

सहाव्या आठवड्यात एक मुलगी जिमच्या हॉलच्या पार पलीकडे डेडलिफ्ट करत होती, पाठ वाकवून. मी ओरडायला तोंड उघडलं, ‘पाठ सरळ!’ आणि घशातून नुसती हवा आली, मग एक चिरका सूर. सगळे हसले, मीही हसले. घसा बसलाय म्हणून रात्री कोमट पाण्यानं गुळण्या केल्या. अशा दहा-अकरा रात्री केल्या. आणि आता आठवलं की हसावं की रडावं कळत नाही: गुळण्यांच्या त्याच पेल्यातल्या उरलेल्या पाण्याबरोबर मी रात्रीची गोळी गिळत होते.

गोळी बंद केली. मुरुमं गेली, पाळी काही महिन्यांनी रुळावर आली. आवाज आला नाही. आज मी ४७ वर्षांची आहे. फोनवर अनोळखी माणूस पहिल्याच वाक्याला मला ‘साहेब’ म्हणतो, त्याची आता सवय झालीय. सवय न झालेली गोष्ट वेगळी आहे. जुन्या फोनमधून काढून ठेवलेलं चाळीस सेकंदांचं एक रेकॉर्डिंग आहे, त्यात मी छोट्या भाचीला गोष्ट सांगतेय. भाची आता मोठी झालीय. मध्यंतरी तिनं ते ऐकलं आणि म्हणाली, ‘मावशी, ही कोण बोलतेय?’

हे घडतं कसं, ते समजून घे. बाईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हा ‘पुरुषी’ हार्मोन असतोच, साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. पुरुषात तो ३०० ते १००० च्या घरात. सगळीच ॲनाबॉलिक (स्नायू वाढवणारी) स्टेरॉइड्स त्याच घराण्यातली. स्नायूतल्या ज्या कुलुपात ती किल्ली बसते, तेच कुलूप स्वरयंत्रात आहे, हनुवटीच्या केसांच्या मुळाशी आहे, डोक्याच्या त्वचेत आहे, शिस्निकेत (क्लिटोरिस) आहे. ‘फक्त स्नायूंवर काम कर’ असं त्या रेणूला सांगता येत नाही. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो तेव्हा स्वरतंतू जाड होतात. बाईच्या स्वरतंतूंचंही तेच होतं आणि जाड झालेला तंतू पुन्हा बारीक होत नाही. शिस्निकेची वाढही बहुतेक तशीच राहते. हनुवटीवरचे केस एकदा जाड झाले की ते काढत बसणं हा आयुष्यभराचा उद्योग.

१९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या मुलींनी पोहण्यातल्या १३ पैकी ११ सुवर्णपदकं नेली. त्यांच्या भारदस्त आवाजांबद्दल पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकानं, आम्ही इथे पोहायला आलोय, गायला नाही, अशा अर्थाचं उत्तर दिल्याचं सांगतात. लोकांना हा विनोद वाटतो. ही औषधं देताना त्या मुलींना कोणी विचारलं नव्हतं, एवढंच मला त्यात दिसतं.

आता ‘सौम्य’. ऑक्सँड्रोलोन १९६४च्या सुमारास आलं. मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, दीर्घ आजार यांत अंग झडलेल्या माणसांचं वजन भरून यावं म्हणून ते दिलं जायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ साली तिथली त्याची मान्यताच काढून घेतली. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनापुढे ते सौम्य, हे खरं. पण तुझी तुलना इंजेक्शनाशी नाही, तुझी तुलना काहीच न घेण्याशी आहे. गोळी यकृतात मोडून जाऊ नये म्हणून तिच्या रेणूत जो बदल केलेला असतो तो यकृतालाच जड जातो, आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल खाली येतं. या गोळीचं बाजारातलं जुनं नाव आपल्या लिपीत लिहायला घेतलं की ‘अनावर’ होतं. भाषेनं एवढं स्पष्ट बजावलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि तुझे नॉर्मल रिपोर्ट. ते केलेस हे उत्तमच, निम्मी माणसं तेवढंही करत नाहीत. पण ते रिपोर्ट आज तुझं यकृत कसं आहे ते सांगतात. तुझे स्वरतंतू किती सोसतील ते सांगणारी तपासणी कुठल्याच लॅबमध्ये नाही. एकीला बरेच महिने काही होत नाही, दुसरीचा आवाज थोडक्या गोळ्यांत जातो, आणि आपण कुठल्या गटातल्या हे गेल्यावरच कळतं. शिवाय हा रिपोर्ट गृहीत धरतो की डबीत लिहिलंय तेच आहे. २०१७ साली अमेरिकेत इंटरनेटवर ‘सार्म्स’ (स्टेरॉइडसारखंच स्नायूंवर काम करणारी, पण वेगळ्या रचनेची औषधं) म्हणून विकल्या जाणाऱ्या ४४ उत्पादनांची रासायनिक तपासणी झाली. जेमतेम निम्म्यांत खरोखर सार्म होतं, काहींत लेबलवर नसलेलीच औषधं निघाली आणि काहींत औषधच नव्हतं. स्टेरॉइड्सच्या चोरट्या बाजाराची तऱ्हा याहून बरी असायचं काही कारण नाही. (‘स्टेरॉइड नको तर सार्म घे’ असं कुणी सुचवलं तर: ती अजून कुठल्याच आजारासाठी मान्य झालेली नाहीत आणि त्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.)

क्लेनवर फार शाई घालवत नाही. क्लेनब्युटेरॉल हे काही देशांत दम्यासाठी आणि जनावरांसाठी वापरलं जाणारं औषध. हात थरथरतात, छाती धडधडते, रक्तातलं पोटॅशियम घसरतं, आणि निम्मं औषध शरीरातून जायलाच दीड दिवस लागतो, म्हणजे त्रास सुरू झाला तरी बंद करण्याचं बटण नाही. उपाशीपोटी कार्डिओबरोबर तर नाहीच नाही.

स्पर्धेत उत्तेजक चाचणी असेल तर वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीतल्या अशा औषधासाठी चार वर्षांची बंदी लागू शकते, आणि ‘ट्रेनरनं दिलं’ हा बचाव चालत नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी तुझी.

आता पेन्सिलीच्या रेघा. पहिली : ‘पाळी तशीही पाच महिने आलेली नाही, त्यामुळे तीही कटकट नाही.’

अगं, तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर या वाक्यात आहे. ५८ किलोतली २० टक्के चरबी वजा केली तर उरतात साधारण ४६ किलो. तू खातेस १३००. वजनं आणि कार्डिओ मिळून चारशेच्या आसपास कॅलरी जात असतील, कमीच धरतेय. उरल्या ९००. ४६नं भाग, किलोमागे वीस येतात. श्वास, हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन, दुरुस्ती, सगळं त्या विसात. क्रीडावैद्यकात तीसच्या खाली गेलं की धोक्याचं मानतात आणि पंचेचाळीसच्या आसपास शरीराचं नीट भागतं. ही काही दगडावरची रेघ नाही, बाईबाईगणिक फरक पडतो, पण तू रेघेच्या जवळपासही नाहीस. एवढ्या तुटवड्यात मेंदू पहिल्यांदा पुनरुत्पादनाचं खातं बंद करतो. पाळी गेली. मग इस्ट्रोजेन खाली, मग हाडांची घनता. आणि नवा स्नायू बांधणं हा तर शरीराच्या लेखी निव्वळ शौक, त्याला पैसा कुठून आणायचा?

म्हणजे तुझी डेडलिफ्ट ९५ वर ‘नॅचरल मर्यादा’ आली म्हणून थांबलेली नाही. तू उपाशी आहेस म्हणून थांबलीय. चार वर्षं बार उचलणाऱ्या बाईची मर्यादा कुठे आहे हे तुला, मला, तुझ्या ट्रेनरना, कुणालाच माहीत नाही, कारण गेलं वर्षभर ती तपासलीच गेलेली नाही. आणि स्टेरॉइडनंही पाळी थांबते. तेव्हा उद्या गोळी सुरू केलीस तर पाळी उपासमारीनं गेलीय की औषधानं, हे डॉक्टरलाही उलगडणार नाही.

तेव्हा याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ. पाच महिने फार झाले. आधी गर्भ नाही ना ते पाहतील (तुला हसू येईल, पण पहिली तपासणी तीच असते), मग प्रोलॅक्टिन, एफएसएच, इस्ट्रॅडिऑल ही हार्मोन, अंडाशयाची सोनोग्राफी. फेरिटिन (लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वही बघून घे, हाडांच्या डेक्सा तपासणीबद्दल तूच विचार. जाताना जिमची वही आणि खाण्याच्या नोंदी बरोबर ने. ‘मी व्यायाम करते’ एवढंच सांगितलंस तर ‘छान’ म्हणतील आणि पुढच्या पेशंटला बोलावतील.

सकाळचं उपाशी कार्डिओ बंद. खाणं टप्प्याटप्प्यानं १८००च्या वर आणि तिथून पुढे, जमलं तर खेळाडूंच्या आहारतज्ज्ञाबरोबर. प्रोटीन शरीराच्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास. क्रिएटिन ही पूरक पूड रोज ३ ते ५ ग्रॅम घ्यायला हरकत नाही, ते बंदी असलेल्या यादीत नाही, आणि पहिल्या दिवसांत काटा किलोभर वर जाईल तो पाण्याचा असतो. सुरुवातीला आरशात मऊ दिसशील. तो महिना कठीण असतो, मला ठाऊक आहे. पेन वहीत ठेव आणि बारवरचे आकडे लिहीत जा, आरशाचे नको.

दुसरी रेघ : ‘घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.’ यात मी नीतिमत्ता बघत नाहीये. आपला आवाज आपल्याला बराचसा हाडांतून ऐकू येतो, म्हणून तो स्वतःला नेहमीच जाडसर वाटतो आणि त्यातला बदल सगळ्यांत शेवटी आपल्याला कळतो. माझा आवाज गेल्याचं पहिल्यांदा माझ्या बहिणीला कळलं, फोनवर. मी तिलाही सांगितलेलं नव्हतं, म्हणून तिनं काळजीनं फक्त ‘सर्दी झालीय का गं?’ विचारलं आणि मी ‘हो’ म्हणाले. तिला माहीत असतं तर माझे ते दहा-अकरा दिवस वाचले असते.

राहिला तुझा प्रश्न. तू विचारलंस म्हणून सांगते: तयार नाहीस. मीही नव्हते. आणि खरं तर ‘तयार’ हा शब्दच मला पटत नाही, त्यात जणू मेहनतीची पुढची पायरी असल्याचा भास आहे. पुढेमागे हा विचार पुन्हा मनात आलाच, तर स्नायू सोडून दे, एवढंच कर. फोनवर स्वतःचं एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड कर, कुणाशी तरी लाडानं बोलतानाचं. ऐक. हा आवाज पुन्हा कधीच मिळणार नाही असं समजून पुन्हा ऐक. आणि ‘तू तयार आहेस’ असं म्हणणाऱ्याला डबी विकून काही मिळतंय का, तेवढं विचार.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे आणि मी स्टेरॉइड्स आधीच सुरू केलीत. गोळ्या पाच आठवडे, आणि मध्ये दोनदा नँड्रोलोनचं इंजेक्शन. आठवडाभर घसा खवखवतोय, वरच्या पट्टीत आवाज फुटतोय. जिममधल्या सिनियर म्हणतात सायकल अर्धवट सोडली तर हार्मोन आणखी बिघडतील, पूर्ण कर. डॉक्टरकडे जायची लाज वाटते.

उत्तर : हे वाचतेस त्या क्षणापासून पुढची गोळी नाही आणि पुढचं इंजेक्शन तर नाहीच. ‘अर्धवट’ वगैरे काही नसतं, ही काही अँटिबायोटिकची मात्रा नव्हे. आवाज फुटायला लागला की प्रत्येक जादा दिवस मोजावा लागतो. गोळी एक-दोन दिवसांत उतरते. इंजेक्शन तेलातलं असतं, ते स्नायूत बसून आठवडे रक्तात झिरपत राहतं आणि बाहेर काढता येत नाही. म्हणून आजच थांब.

डॉक्टर दोन: हार्मोनतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा. लाज वाटत असेल तर बोलू नकोस, डब्यांचे आणि कुप्यांचे फोटो काढ आणि फोन त्यांच्यापुढे सरकव. मी तसंच केलं होतं. डॉक्टरांनी चष्मा वर करून फोटो पाहिला, ‘किती दिवस?’ एवढंच विचारलं आणि लिहायला लागले. ते दुर्बिणीनं स्वरतंतू बघतील, रक्तात यकृत, लिपिड, हिमोग्लोबिन बघतील. गर्भ नाही याची खात्री करून घे, कारण पोटात मुलीचा गर्भ असेल तर ही औषधं त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत ढवळाढवळ करतात. पाळी आली नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, असं नसतं, पाळीच्या आधी बीज सुटतं.

डोळे पिवळे, लघवी गडद, छातीत दुखणं, धाप, यांतलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखाना. थांबवल्यावर काही आठवडे मन खूप खाली जाऊ शकतं. त्या दिवसांत एकटी राहू नकोस, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर तेही तातडीचं समज.

आवाज किती परत येईल? आज लवकर थांबलीस म्हणून जे अजून बदललेलं नाही ते वाचेल. जे जाड झालं ते राहील. स्वरोपचार तज्ज्ञ असलेला आवाज न ताणता वापरायला शिकवतात, मी सहा महिने शिकले. माझं ओरडणं तेव्हापासून बंदच आहे, मी हॉलमध्ये टाळी वाजवते.

प्रश्न : मी गेली बारा वर्षं ट्रेनर आहे. माझ्याकडची एक मुलगी सायकलसाठी मागे लागलीय. मी नाही म्हणालो तर ती दुसरीकडून घेईल, तिथे तर कुणी लक्षही ठेवणार नाही. निदान माझ्या देखरेखीखाली घेतलेलं बरं, असं वाटतं. तुमचं मत?

उत्तर : देखरेख म्हणजे तुम्ही नेमकं काय बघणार? तुमच्याकडे प्रयोगशाळा नाही, आणि तिचा आवाज रोज ऐकणाऱ्या तुमच्या कानाला हळूहळू होणारा बदल जाणवणार नाही. पूर्व जर्मनीत डॉक्टरांची फौज देखरेखीला होती. मुलींना स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वं म्हणून दिल्या जात. त्या यंत्रणेतले क्रीडाप्रमुख मॅनफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मॅनफ्रेड होपनर यांना २००० साली न्यायालयानं दोषी ठरवलं. खेळाच्या नियमांतही औषध देणाऱ्याची शिक्षा घेणारीपेक्षा हलकी नाही, ती चार वर्षांपासून तहहयात बंदीपर्यंत जाते.

तुम्ही औषध देऊ नका, पण तिला हाकलूही नका. दुसरीकडून घेतलंच तर घसा बसल्यावर तिनं पहिला फोन तुम्हाला करावा, एवढा दरवाजा उघडा ठेवा. आणि उद्या ती आली की सायकलचा विषय काढायच्या आधी तिला विचारा, शेवटची पाळी कधी आली आणि काल दिवसभरात काय काय खाल्लं. पुरुष म्हणून पहिला प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून द्या. मी माझ्या नव्या मुलींना पहिल्या दिवशी जो फॉर्म भरायला देते त्यात तो वजनाच्याही आधी आहे.